बेंजोची वाकडी पत्ती

नम्रताला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. घासलेली भांडी पुन्हा घासते. त्या सकाळी तिने पितळेचा हंडा चिंचेने लख्ख केला आणि वर राखेने घासायला घेतला, तेव्हा शेजारची हौसाकाकी कुंपणावरून म्हणाली, "अगो, हंड्याचा तळ जाईल. कोणाचा राग त्याच्यावर काढतंस?"

"तुला ऐकू येत नाय?" नम्रता म्हणाली.

ऐकू येत होतं. वेळणेश्वरच्या पुढे दोन वळणांवर असलेल्या त्या खालच्या वाडीत सगळ्यांनाच ऐकू येत होतं. देवळासमोर सहाण होती, म्हणजे शिमग्यात सोमजाईची पालखी बसते तो दगडी ओटा. त्या सहाणेवर बेंजो पार्टीची तालीम चालली होती, आणि वाजत होती ती चाल नम्रताची होती. पंधरवड्यापूर्वी याच माणसांनी याच सहाणेवर तिला तोंडावर सांगितलं होतं, की असली अरबाची चाल देवीपुढं चालायची नाय. आता तीच चाल तिचा चुलतभाऊ गुरुप्रसाद वाजवत होता, आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या वाजवण्याचा व्हिडिओ फिरत होता. 'गुरुप्रसादची नवीन चाल! यंदाचा शिमगा दणक्यात!' खाली अंगठे, फुलं, नाचणारे बाहुले.

बरं, चोरलीत तर चोरलीत, निदान नीट तरी वाजवा! त्या चालीत एक सूर होता, ज्याच्यासाठी सगळी चाल बांधली होती. तो सूर येतच नव्हता. त्याच्या जागी काहीतरी सपक, सरळ, बिनमिठाचं वाजत होतं. नम्रताला आधी वाटलं गुरुप्रसादला जमत नसेल. मग तिच्या लक्षात आलं की बेंजोचं बटण तर तो बरोबर दाबतोय, सूरच बदललाय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हंडा तसाच राखेत टाकून ती उठली.

ही चाल आली कुठून, ते आधी सांगायला हवं.

नम्रता मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात लाँड्रीत होती. खालच्या वाडीतले पुरुष बोटीवर जात, नाहीतर मुंबईला. आखातात गेलेली बाई ही पहिलीच. लग्नाचं वय तिथे चादरींना इस्त्री करण्यात गेलं. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती दर सुट्टीत त्याबद्दल विचारणाऱ्यांबद्दल. लाँड्री तळघरात होती आणि भिंतीपलीकडे हॉटेलच्या बँडची तालमीची खोली. बँडला दोन म्होरके होते. एक रामोन, कोलंबियाचा, तुंबा म्हणजे हाताने वाजवायचा उभा, उंच ढोल वाजवणारा. साल्सा म्हणा, रुंबा म्हणा, नाचाचं गाणं म्हणजे त्याचं घरचं. दुसरे सालेम उस्ताद, इराकचे, मांडीवर ऊद नावाचं तंतुवाद्य घेऊन डोळे मिटून बसणारे. मालकाचा हुकूम होता की दोघांनी मिळून काहीतरी असं उभं करायचं, ज्यावर परदेशी पाहुणे नाचतील आणि अरबी पाहुणे माना डोलावतील.

पहिले काही महिने दोघांनी मिळून फक्त भांडण उभं केलं. रामोन म्हणे, तुमच्या आलापावर माझा पाय उचलत नाही. सालेम म्हणत, तुझ्या कीबोर्डात माझा सूरच नाही, तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. नम्रता भिंतीला कान लावून इस्त्री करी आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या देई. मग एका दुपारी रामोनने ठेका जरा मागे ओढला, सालेमने आलाप जरा आखडता घेतला, आणि तो फटीतला सूर बरोबर तुंब्याच्या थापेवर येऊन उतरला. खाली कंबर हलत होती आणि वर कोणीतरी काळीज पिळत होतं. नम्रताच्या हातची उशीची खोळ करपली. पगारातून पैसे कापले गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही.

ती बेंजोवाल्या बाबूकाकांची मुलगी. तिला राहवेना. चादरींची गाडी ढकलत ती थेट तालमीच्या दारात गेली आणि रामोनला आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, हा तुंबा आमच्या गावात हळदीला वाजतो. रामोन हसला. तिने मोबाइलवर वडिलांच्या पार्टीचा व्हिडिओ लावला. बेंजो, ढोल, आणि शेजारी लाल रंगाचा ऐटदार तुंबा. रामोनने तो पुन्हा पुन्हा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. हा तिकडे कसा पोचला? नम्रताला काय ठाऊक! खालच्या वाडीत तुंब्याला त्याचं गाव कोणी कधी विचारलंच नव्हतं. आवाज भारदस्त होता, आला तसा ठेवून घेतला. त्या दिवसापासून तिला तालमीच्या खोलीत एक खुर्ची मिळाली. रामोनने तिला ठेका हातावर मोजायला शिकवला. सालेम उस्तादांनी तो फटीतला सूर गळ्यातून काढायला शिकवला, आणि चुकली की ते तिच्यावर तिच्या बापासारखे खेकसत.

पुढे बाबूकाकांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून फक्त एक 'ह' निघे, आणि त्या एका अक्षरात भूक, राग, होकार सगळं बसवायचं. नम्रता नोकरी सोडून आली. बाबूकाका दिवसभर कोनाड्यातल्या बेंजोकडे बघत पडून असत. बेंजो म्हणजे एक लाकडी पेटी, तिला तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. बाबूकाकांचा डावा हात शाबूत होता. एका संध्याकाळी नम्रताने बेंजो त्यांच्या पोटाशी ठेवला आणि नखी स्वतःच्या उजव्या हातात घेतली.

बापाचा डावा हात आणि लेकीचा उजवा, असं त्या घरात वाजायला लागलं. आधी जुन्या चाली वाजल्या. मग नम्रताने तोंडाने मस्कतची लय धरली आणि बाबूकाकांची बोटं तिच्या मागे जायला लागली. दोघांनी मिळून एक नवीनच चाल बांधली. ठेका रामोनच्या गावचा, वळण सालेमच्या गावचं, आणि उठाव पालखीचा, कारण बाबूकाकांच्या बोटांना दुसरा उठाव ठाऊकच नव्हता. सगळं जमलं, फक्त तो फटीतला सूर बेंजोत नव्हता. बटणाखाली लोखंडाची पत्ती असते, ती तारेवर जिथे बसते तिथला सूर निघतो. मध्ये काही नाही. नम्रता गळ्यातून तो सूर काढून दाखवायची आणि बाबूकाका चडफडायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी खुणेने पक्कड मागितली. या माणसाने आयुष्यभर त्या पेटीवर कुणाला धूळही झटकू दिली नव्हती. पक्कड डाव्या हातात धरून त्यांनी सातव्या बटणाची पत्ती वाकवली. नम्रता तार छेडी, ते मान हलवत, नाही. आणखी थोडी. नाही. आणखी. मग एकदा सूर लागला, आणि बाबूकाकांच्या तोंडून 'ह' निघाला. तेवढ्या एका सुरासाठी त्यांनी बाकीच्या गाण्यांचं एक बटण कायमचं बिघडवून घेतलं होतं.

आता सांगा, अशी चाल फुकट द्यायची?

वाजपाचा मान बाबूकाकांच्या घराचा. पणजोबांनी पालखीपुढे सनई वाजवली, आजोबांनीही तीच, बाबूकाकांनी बेंजो आणला. मान घराचा आणि घरात आता वाजवणारी नम्रता. तिला वाटलं, गोष्ट सरळ आहे. शिमग्याच्या आधी मानकऱ्यांची बैठक झाली तेव्हा ती सहाणेपाशी गेली, मोबाइलवर चाल ऐकवली आणि म्हणाली, "यंदा बाबांच्या जागी मी बसतंय."

गावकर खंडूआबा मधोमध बसले होते. वाडीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चाल पुरती ऐकलीसुद्धा नाही.

"बाईमाणूस सहाणेवर चढून वाजवणार? अशी रीत नाय, बाय."

"रीत नाय म्हणजे बंदी हाय काय, आबा?"

"आणि हे काय वाजवतंस? अरबाची चाल. देवीपुढं?"

खरं तर इथेच नम्रताने हंडा फेकून मारायला हवा होता. जवळ नव्हता म्हणून राहिलं. अरबाची चाल! याच देवीपुढे याच लोकांनी सिनेमातल्या दारूच्या गाण्यावर पालखी नाचवली होती. पावडर लावलेल्या कुठल्या कुठल्या नाचणाऱ्यांची गाणी, मुंबईच्या डीजेची गाणी, सगळी सोमजाईने निमूट ऐकून घेतली होती. आणि समोर बसलेल्या मानकऱ्यांपैकी निम्म्यांची पोरं अरबाकडे नोकरीला. अरबाच्या पगाराचा स्लॅब चालतो, अरबाचं अत्तर पालखीवर शिंपडलेलं चालतं, अरबाचा खजूर तर हे लोक उपासाला खातात. सूर तेवढा नाकाला झोंबला!

हे सगळं ती बोलली, यातलं एक अक्षर गाळलं नाही. खंडूआबा शांतपणे म्हणाले, "झालं बोलून? वाजपाचा मान यंदा गुरुप्रसादकडं. घरातलाच हाय तो, मान घरातच राहिला."

"आबा, पुन्हा विचार करा."

"सहाणेवर बोललेलं मागं घेता येत नाय," खंडूआबा म्हणाले. "देवी ऐकत असते."

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसाद बेंजो न्यायला आला. मान त्याच्याकडे, म्हणजे बेंजोही त्याच्याकडे, असा त्यांचा हिशेब. माणूस वाईट नव्हता, हेच तर चिडायचं कारण. हसतमुख, कुणाच्याही लग्नात पहिला हजर, काकांना संत्री घेऊन आलेला. नम्रता बेंजो द्यायला तयार नव्हती. पण बाबूकाकांनी डोळे मिटून 'ह' केलं. देवीच्या कामाला वाद्य नाही म्हणायचं नाही, हे त्या घरात पिढ्यांपासून होतं. तिने पेटी त्याच्या हातात दिली आणि बजावलं, "सातव्या बटणाला हात लावू नकोस." तो म्हणाला, "नाय गो."

आणि आता तालमीत तो सूर येत नव्हता.

ती सहाणेवर पोचली तेव्हा पार्टी चहा पीत होती. बेंजो बाकावर होता. नम्रताने वाकून सातव्या बटणाखाली बघितलं. पत्ती सरळ होती. नुसती सरळ नाही, घासून चकचकीत केलेली.

"हे कोणी केलं?"

"खेडसून करून आणलं," गुरुप्रसाद कौतुकाने म्हणाला. "माझा मेहुणा हाय ना खेडचा, त्याच्या ओळखीचा एक कारागीर हाय. काकांच्या हातून वाकलं असंल, आजारी माणूस. दुसरी गाणी बेसूर होत होती गो. पैसे मागत नाय मी, घाबरू नकोस."

"ती मुद्दाम वाकवलेली होती."

"मुद्दाम? पत्ती कोण मुद्दाम वाकवतं?"

पार्टीतली पोरं हसली. नम्रताला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर ती पेटी घालावी; मग पेटी बापाची आहे हे आठवलं. "आणि चाल? ती अरबाची होती ना? देवीला चालत नव्हती ना? आता कशी चालते?"

गुरुप्रसाद जरा चपापला. "अगो, तुंब्यावरच्या पोराला येत होती, मी त्यात ढोल घातला. आबांना ऐकवली, ते म्हणाले, आता आपली वाटते. पोरांना आवडली, काय करणार? आणि चाल काय कुणाच्या बापाची असते?"

"ही हाय," नम्रता म्हणाली. "ही माझ्याच बापाची हाय."

ती घरी आली. हंड्याला पुन्हा हात लावला नाही. बाबूकाकांना तिने काही सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. तालीम खिडकीतून आत येत होती. दर वेळी तो सूर यायची जागा आली की त्यांचा डावा हात चादरीवर थोडा उचलला जाई आणि परत पडे. नम्रता बघत होती. स्वतःच्या अपमानाचं ती काहीतरी करू शकली असती, चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. तो उचलून पडणारा हात तिला गिळता येईना.

पालखीच्या दिवशी तिने वडिलांना पांढरा सदरा घातला, हौसाकाकीच्या मदतीने प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि दोघींनी ती खुर्ची उचलून सहाणेजवळ आणून ठेवली. मानकऱ्याने पालखीच्या दिवशी घरात पडून राहायचं नसतं. त्याला कुणाची ना नव्हती. उलट लोकांनी वाट करून दिली, पाया पडले, कसे आहात विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले.

दुपार टळत होती. मुंबईहून, पुण्याहून, बोटींवरून माणसं आली होती. पालखीत देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लागली होती. खंडूआबांनी रीतीप्रमाणे हाळी दिली, "वाजपाचा मान, बाबूचं घर, गुरुप्रसाद, पुढं या!" आणि गुरुप्रसाद हात जोडून बेंजोवर बसला.

पालखी खांद्यावर उठली. चाल सुरू झाली. ठेका चांगला होता, खोटं कशाला बोला. तुंब्यावरच्या पोराला नम्रतानेच तो आपल्या ओटीवर बसवून शिकवला होता. पालखीवाल्यांचे पाय पडायला लागले. पण चाल वर चढायची, त्या एका जागेवर पोचायची, आणि तिथे तो सरळ, सपक सूर लागला की पालखी जमिनीवरच राहायची. पालखीवाले एकमेकांकडे बघायला लागले. एक चाकरमानी म्हणाला, "व्हिडिओत बरी वाटली होती." नम्रता बापाकडे बघत होती. बाबूकाकांचा हात खुर्चीच्या दांड्यावर उचलला जात होता आणि पडत होता.

पालखी सहाणेवर टेकली. गाऱ्हाण्याची वेळ झाली. आधी गावकराने गावाचं गाऱ्हाणं देवीपुढे घालायचं, ते खंडूआबांनी घातलं. त्यांचं एकेक वाक्य संपलं की गाव एका आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा!" मग ते रीतीप्रमाणे म्हणाले, "कोणा मानकऱ्याचं काय गाऱ्हाणं असंल तर आताच घाला."

नम्रता पुढे झाली. "बाबूच्या घराचं गाऱ्हाणं हाय."

"तू?" खंडूआबा म्हणाले. "बापूस हाय ना मानकरी."

"बापूस मानकरी हाय, पण त्याला वाचा नाय. आजारी मानकऱ्याचं गाऱ्हाणं घरच्यानं घालायचं, ही रीत तुमीच सांगता. घरात मीच हाय. का त्यालाही खेडसून माणूस आणू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मानकऱ्याला गाऱ्हाण्यापासून अडवता येत नाही, हे खंडूआबांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी हाताने 'बोल' अशी खूण केली. नम्रताने पदर खोचला, पालखीकडे तोंड केलं आणि हात जोडले. आवाज तिने खंडूआबांसारखाच लावला, लांब आणि शेवटाला उचललेला.

"आई सोमजाई माते, तुझ्या सहाणेवर आज तुझी सगळी लेकरं जमा झालीत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैसून, पुण्यासून, बोटीवरसून चाकरमानी सुखरूप आलेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या पणज्यापासून वाजपाचा मान आमच्या घराचा हाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लोकांनी डोळे मिटलेले, हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय. वाक्याचा शेवट उचलला की तोंड आपोआप उघडतं, त्याला मन लागत नाही. कित्येक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत काढत 'व्हय' म्हणत होते.

"बापूस पडला तेव्हा मी मस्कत सोडून त्याच्या उशाशी आली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बापाचा डावा हात नि माझा उजवा, असं दोघांनी मिळून तुझ्या पालखीसाठी नवी चाल बांधली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अरबाची चाल म्हणून ह्याच सहाणेवरसून मला घरी धाडलानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून जोरात आलं. पुढे खंडूआबांचे डोळे उघडले. त्यांच्या शेजारचे दोघे मानकरी चुळबुळले. पण मागच्या गर्दीला काय, ती लयीत होती.

"आणि तीच चाल माझ्या भावाच्या नावानं तुझ्यापुढं वाजवलानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बेंजोमागून आला. गुरुप्रसादचाच होता तो. डोळे मिटून, हात जोडून, भक्तिभावाने तो म्हणाला आणि मग त्याला कळलं आपण कशाला व्हय म्हटलं. त्याने डोळे उघडले. चेहरा असा झाला की तुंब्यावरच्या पोराला हसू आवरेना.

आता गर्दीला जाग आली. कुजबुज सुरू झाली. नम्रता थांबली नाही, पण तिचा आवाज बदलला. गाऱ्हाण्याचा हेल निघून गेला आणि नुसता राग उरला.

"माझ्या बापानं एका सुरासाठी पत्ती वाकवली होती. बोलता येत नाय, चालता येत नाय, तरी एका हातानं वाकवली. ती ह्यांनी न विचारता सरळ केली. तेव्हापासून तो रोज खाटेवर पडून हात उचलतो नि खाली टाकतो. ही चाल आमची हाय, नि बापामागं हा मान माझा हाय. व्हय की नाय, ते तुझ्या लेकरांच्या तोंडून येऊ दे रे म्हाराजा!"

हातातले मोबाइल खाली आले. खंडूआबा जमिनीकडे बघत राहिले. इतकी माणसं आणि सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघायच्या होत्या. नम्रताला वाटलं, गेलं सगळं.

"ह," खुर्चीतून आवाज आला.

बाबूकाकांनी डावा हात जेवढा वर जाईल तेवढा वर केला होता. "ह!" ते पुन्हा म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" हौसाकाकी किंचाळलीच. बायकांनी गाऱ्हाण्यात तोंड उघडायचं नसतं, पण मासळी बाजारात कमावलेला तिचा आवाज सहाण ओलांडून देवळात गेला. मग तिच्यामागच्या बायका म्हणाल्या. मग पालखी नाचवणारे पोरगे म्हणाले, ज्यांचे पाय त्या सपक सुरावर अडखळले होते. आणि मग सगळे म्हणाले.

"हे गाऱ्हाणं नव्हं," खंडूआबा म्हणाले. "हा तंटा हाय. तंट्याची बैठक वेगळी."

"आबा," नम्रता म्हणाली, "सहाणेवर बोललेलं मागं घेता येत नाय. देवी ऐकत असते."

खंडूआबांनी गुरुप्रसादकडे बघितलं. त्याने तरी काहीतरी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असावी. पण गुरुप्रसाद उठून उभा राहिला होता. "मी व्हय म्हटलंय, आबा," तो पडेल आवाजात म्हणाला. "देवीपुढं म्हटलंय. आता मी नाय बसत."

नम्रताने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. राग काही इतक्यात जाणार नव्हता. तिने आणि हौसाकाकीने बाबूकाकांची खुर्ची उचलून सहाणेवर चढवली आणि बेंजोच्या डाव्या अंगाला लावली. "पक्कड द्या," ती म्हणाली. बोटीवरच्या एका तांडेलाने कमरेची काढून दिली. सगळ्या गावादेखत तिने ती चकचकीत पत्ती धरली आणि वाकवली. तार छेडली. बाबूकाकांनी मान हलवली, नाही. आणखी थोडी. नाही. माणसं खोळंबली होती, देवी खोळंबली होती, आणि बाबूकाकांना कसलीही घाई नव्हती. आणखी थोडी. मग सूर लागला. सूर कसला ते तिथे कुणालाही सांगता आलं नसतं, पण पालखीपाशी उभ्या पोरांच्या माना एकदम वर झाल्या.

"ह," बाबूकाका म्हणाले.

नम्रताने नखी घेतली आणि तशीच बसून राहिली. तुंब्यावरचा पोरगा तिच्याकडे बघत होता. पोरांनी पालखी पुन्हा खांद्यावर घेतली होती.

"वाजव की गो," खंडूआबा म्हणाले.

"हाळी नाय दिली तुमी."

खंडूआबांनी घसा खाकरला. "वाजपाचा मान," ते म्हणाले, "बाबूचं घर. पुढं या."

"नाव घ्या, आबा. त्याचं घेतलं होतं."

म्हाताऱ्याने तोंड देवीकडे केलं आणि सगळ्या सहाणेला ऐकू जाईल असा आवाज लावला. "वाजपाचा मान, बाबूचं घर, नम्रता!"

तिने तारेवर हात मारला.